सोमवारपर्यंत गाडी

विकणाऱ्याने "बेन, एकदम टनाटन छे" म्हणून किल्ली हातात दिली आणि मी विश्वास ठेवला. ती जुनी मोटरसायकल सुरतेतल्या पांडेसऱ्याहून निघाली खरी, पण नवागामच्या आमच्या गल्लीपर्यंत येताना तिने माझा जीव खाल्ला. मूठ पिळली की पुढे जायचं सोडून ती गुरगुरायची, काळा धूर ओकायची आणि भर रस्त्यात बंद पडायची. मागून हॉर्न, वर फुकटचे सल्ले.

हौस म्हणून घेतली नव्हती. बारडोलीकडे उसाच्या गावांमधून फिरून शेतांची पाहणी करायचं काम मला मिळत होतं. बी.एस्सी. होऊन घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या मुलीला आणखी काय हवं? साहेबांची अट एकच होती: स्वतःची गाडी हवी आणि सोमवारी सकाळी ती घेऊन हजर व्हायचं. नाही जमलं तर दुसरा माणूस तयार होता.

आणि माझं नाही जमलं, तर त्याच सोमवारी आबा पुन्हा मिलमध्ये जाणार होते. आबा म्हणजे माझे वडील. खानदेशातून तरुणपणी सुरतेला आले आणि साड्या रंगवायच्या मिलमध्ये लागले. रंगाच्या वाफेत आयुष्य काढलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मिलचं काम कायमचं सोडायला सांगितलं होतं. जिना चढताना ते अर्ध्यात भिंतीला धरून थांबतात आणि कुणी बघितलं तर चप्पल नीट करत असल्याचं नाटक करतात. मिलच्या ठेकेदाराचे फोन मात्र थांबत नव्हते. शेवटी आबांनी घरात सांगून टाकलं, "पोरीनं काम व्हयनं तं ठीक. नही तं सोमवारले मी जास."

गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक "ठेवून जा, बुधवारी बघू" म्हणाला. म्हणून रविवारी सकाळी मी मोबाइलवर व्हिडिओ लावला, पाने मागून आणले आणि ओट्यासमोर गाडी उघडून बसले. त्याआधी मी कधी सायकलची चेनही बसवली नव्हती.

पहिल्यांदा एअर फिल्टरचा डबा उघडला. आतल्या फोमला हात लावताच त्याचा चहात बुडवलेल्या टोस्टसारखा लगदा झाला. दुकानं बंद. पण कापडाला आमच्याकडे काय तोटा! आमच्या गल्लीत नळाच्या तोंडाला साडीचा तुकडा, कूलरच्या पाठीला साडीचा तुकडा, पिठाच्या डब्याला तोच. मीही चांगला घट्ट विणीचा तुकडा शोधला, दुहेरी केला आणि फोमच्या सांगाड्यावर ताणून शिवला. फोमला तेल लावतात असं व्हिडिओत होतं, म्हणून त्याला तेलही चोपडलं. शिवण इतकी सुबक आली की मी ती आईला नेऊन दाखवली. आईने हातातल्या साडीवरून मान वर केली, "हाई गडीसनं काम शे, माय," म्हणाली आणि पुन्हा टिकल्या चिकटवू लागली.

मग कार्ब्युरेटर काढला. तळाशी तपकिरी गाळ बसला होता. तो पेट्रोलने धुतला, बारीक भोकं सायकलच्या पंपाने फुंकली, एकेक स्क्रू ताटात मांडून ठेवला होता तो परत बसवला. किक मारली. गाडी चालू झाली! जागच्या जागी तिचं इंजिन इतकं शांत चालत होतं की मी टाळी वाजवली. मग मूठ पिळली. गुरगुर, काळा धूर, बंद.

प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. घासला, बसवला, किक मारली. पुन्हा काळा. कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला, पुन्हा धुतला. स्क्रू अर्धा फिरवला, मागे फिरवला, व्हिडिओतल्या माणसाला शिव्या घातल्या. दुपार कलली. किक मारून पोटरीत गोळे आले होते आणि पेट्रोलने हातांची आग होत होती. शेजारच्या बायका दारात बसून साड्यांचे धागे कापता कापता माझा तमाशा बघत होत्या. मी गाडीला लाथ घातली. ती हलली नाही, माझा अंगठा मात्र सुजला. मग मी तिथेच ओट्यावर बसून रडले. उद्या आबा त्या वाफेत उभे राहतील आणि त्यांना तिथे मी पाठवलेलं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला त्या गाडीचा, त्या साहेबांचा आणि माझ्या डिग्रीचा संताप आला होता.

आबा आतून आले. माझ्याकडे न बघता गाडीशेजारी बसले आणि म्हणाले, "चालू कर."

मी केली. मूठ पिळली, ती घुसमटली, गेली. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग माझ्या त्या सुबक शिवणीच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तिना तोंडले हाई काय बांधेल शे?"

"गाळणी आहे. धूळ जाऊ नये म्हणून."

"मीलमा आम्ही तोंडले साडीना तुकडा बांधतस, तसं करेल शे तू. ओलं व्हयनं का दम कोंडास, पोरी."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करतस? काढी टाकतस."

ते अगदी सहज बोलले. इतकी वर्षं तो तुकडा ते काढून टाकत होते आणि वाफ छातीत घेत होते, नाहीतर पाळी पुरी करता आली नसती. मी दाताने टाके तोडले आणि कापड ओढून काढलं. आईने न विचारता नेटच्या दुपट्ट्याचा विरळ तुकडा आणून दिला. खरा फोम मिळेपर्यंत तो चालणार होता.

किक मारली. मूठ पिळली. गाडीने स्वच्छ, भरघोस आवाज काढला. मी पिळत राहिले आणि आवाज चढत राहिला. धागे कापणाऱ्या बायकांनी हात थांबवले. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, मेकॅनिकच्या बंद शटरवरून मुद्दाम दोनदा.

परतले तेव्हा आबा ओट्यावर उभे होते. मी गाडी बंद करायला गेले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं, खिशातून फोन काढला आणि ठेकेदाराला लावला.

"कल नहीं आऊंगा," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. गाडीच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून आबा ओरडले, "अब मेरी लड़की जाती है काम पे!"

तेवढ्या ओरडण्याने त्यांना उबळ आली. ते वाकले, एका हाताने भिंत धरली. त्यांच्या पाठीवर हात फिरवायला आई धावली. दुसऱ्या हातातला फोन त्यांनी कानापासून हलवला नाही. खोकला थांबला तसं त्यांनी त्यात विचारलं, "सुना क्या?"