माझ्या मापाचा ओटा

येलहंक्यातल्या त्या घराचे मालक मराठी बोलायचे, इथेच आम्ही फसलो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, मराठीत निम्मं कन्नड. आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेलो, दारापलीकडे सगळा कारभार हिंदीत. भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "या, बसा, स्वल्प कॉफी घ्या," आणि मी विरघळलेच. त्यांना आम्ही अण्णा म्हणू लागलो.

पुढे अण्णाच म्हणाले, "हे घर विकायचं आहे, पण देणार तुम्हालाच. तुमचं कर्ज होईपर्यंत थांबतो की." भाव तोंडी ठरला. कागद करू या का, असं नवऱ्याने विचारलं, तर मीच त्याला डोळ्यांनी दटावलं. आपल्या माणसाकडे कसला कागद मागायचा!

"मग स्वयंपाकघर बदललं तर चालेल ना?" मी विचारलं.

"करा की. घर तुमचंच."

मी सुटलेच. चिकपेटेच्या बाजारात पायपीट करून नळ, कड्या, बिजागऱ्या आणल्या. खिडकी मोठी केली. मी बुटकी, आजवर दुसऱ्यांच्या ओट्यांवर खांदे उचलून पोळ्या लाटल्या होत्या. हा ओटा मात्र गवंड्याला माझ्या कोपराचं माप घ्यायला लावून बसवला.

"उद्या विकायची वेळ आली तर या ठेंगण्या ओट्याला कोण विचारेल?" नवरा चिडवायचा.

"विकायचंय कुणाला?" मी म्हणायचे.

कर्ज मंजूर होत आलं होतं, तेव्हा अण्णा एका जोडप्याला घेऊन दारात उभे राहिले. "नुसतं बघायला आलेत." मी सगळ्यांसाठी कॉफी टाकली. मागे अण्णा त्यांना कन्नडमध्ये सांगत होते, "स्वयंपाकघर पूर्ण नवं आहे, आम्ही आत्ताच करून घेतलं." एवढं कन्नड मला कळत होतं.

त्यानंतर अण्णांनी जो भाव सांगितला, तो आम्हाला या जन्मात झेपला नसता.

"काय करू, ते जास्त देतायत. घर आता पहिल्यासारखं राहिलं नाही ना," ते म्हणाले.

ते कुणामुळे, हे त्यांना तोंडावर विचारायला हवं होतं. हे सगळं त्यांनी आपल्या मराठीत, मायेने सांगितलं, याचीच मला जास्त चीड आली.

घर सोडताना आमची अनामत रक्कम कमी आली. "ओटा उंच करायचा खर्च कापला," अण्णा म्हणाले. "घेणाऱ्यांना तो ठेंगणा पडतो." माझी खिडकी, माझे नळ, सगळं अण्णांच्या वाढीव किमतीत गेलं, आणि माझ्या मापाचा तेवढा ओटा नुकसानीत धरला.

आता मल्लेश्वरमला भाड्याने राहतो. ओटा उंच आहे, पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. इथल्या मालकीणबाईही मराठीच, हे परवा कळलं. मी त्यांच्याशी हिंदीतच बोलते.