एर्सीलियाच्या लेकीचे केस

पिएत्राफोस्का गावात मदोनाला, म्हणजे चर्चमधल्या पवित्र मातेच्या मूर्तीला, पोशाख चढवायचा तो बायकांनीच. ऑगस्टातल्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी वरच्या आळीतल्या चर्चचं दार आतून लावलं जाई आणि फादर वितालेसुद्धा बाहेर कारंज्याच्या कठड्यावर ताटकळत बसत. मूर्तीचा चेहरा आणि हात तेवढे कोरलेले, बाकी नुसता लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. तो पुरुषांच्या नजरेस पडायचा नाही, असा दंडक होता. रेशमी झगा पाल्मिरा चढवी, झालरी बाकीच्या जणी लावत. केस मात्र एर्सीलियानंच विंचरायचे. त्यात दुसरी कुणी हात घालत नसे, कारण ते केस तिच्या लेकीचे होते.

फियोरेंझा विसाव्या वर्षी रक्ताच्या आजारानं गेली. शहरातल्या इस्पितळात जायच्या आधी तिनं स्वतःच कात्री मागितली होती.

"तिथं गळणारच आहेत, आई. त्यापेक्षा मदोनाला देऊ. तिचा तो केसांचा टोप बघितलास ना? मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखा दिसतो."

असं म्हणून पोर हसली होती. एर्सीलियानं तिची वेणी घातली आणि मग कापली. तांबूस, कमरेखाली पोचणारी वेणी होती ती.

त्यानंतर दर ऑगस्टात एर्सीलिया स्टुलावर चढून ते केस विंचरायची आणि विंचरता विंचरता बोलत राहायची. कुणाचं लग्न ठरलं, यंदा अंजिराला फळच कसं धरलं नाही, असलं काहीबाही. बायका झालरींत मान घालून ऐकलं न ऐकलंसं करत. दुसऱ्या दिवशी मूर्ती खांद्यांवरून उतरणीला लागली की वाऱ्यानं केस हलायचे. एर्सीलिया दारात उभी राहून डोळे भरून बघायची. तेवढं तिला वर्षभर पुरायचं.

मग भूकंप झाला. माणसं वाचली, पण चर्चचं छत खाली बसलं. अग्निशमन दलाच्या माणसांनी मूर्ती घोंगडीत गुंडाळून बाहेर काढली आणि ट्रकमधून शहरातल्या सरकारी कोठारात नेली.

"दोन वर्षांत परत येईल," फादर विताले म्हणाले. पुढं त्यांचीच बदली झाली, मूर्ती काही आली नाही. गाव मदोनाचा मोठा फोटो खांद्यावर घेऊन मिरवू लागलं. एर्सीलिया त्या दिवशी खिडक्या लावून घरात बसू लागली.

अशी बरीच वर्षं गेली. एका सकाळी पाल्मिरा तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"तू रुसून बसलीस म्हणून सरकार छत बांधणार नाहीये. ऊठ, शहरात जाऊन बघून येऊ तिला. बस निघेल."

"माझ्यानं बसमध्ये चढवत नाही गं."

"बाजारात टोमॅटो दाबून बघायला बरी चढतेस!"

कोठारात गावोगावचे संत ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. जिनेव्रा नावाची, मूर्ती दुरुस्त करणारी एक तरुणी त्यांना आत घेऊन गेली. मदोना पांढऱ्या कापडाखाली आडवी होती. डोकं बोडकं. एर्सीलिया जिनेव्राकडे वळली.

"केस कुठायत?"

"आहेत, आजी. कसर लागली होती म्हणून काढून साफ केले." जिनेव्रानं एक पुठ्ठ्याची पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

एर्सीलियानं केस हातात घेऊन हुंगले. मेणबत्त्यांचा वास गेला होता. औषधाचा येत होता.

"ही माझी पोर," ती म्हणाली, आणि मग पाल्मिरानंच सगळी हकिगत सांगितली.

जिनेव्रा आत जाऊन साहेबांशी बोलून आली. "हे केस मूर्तीइतके जुने नाहीत. तुम्हाला हवे असतील तर घरी न्या, आजी. मूर्तीला आम्ही दुसरे बसवू."

"घे, बये, घे," पाल्मिरानं तिला कोपरानं ढोसलं.

एर्सीलिया पेटी कवटाळून बसली. मग हळूच म्हणाली, "घरी नेले तर कपाटातच राहतील. कपाटात तिचे बूट आहेत, कोट आहे. ते उघडलं की ती गेली एवढंच कळतं मला. पण मदोनाच्या डोक्यावर असले की ती उतरणीनं चालत येते गं." तिनं जिनेव्राकडे पाहिलं. "मूर्तीलाच बसवा. आज फक्त विंचरू द्या."

जिनेव्रानं तिथल्या दोघा कामगारांना कॉफी प्यायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं. एर्सीलियानं पिशवीतून कंगवा काढला. शेळ्या विकून टाकल्या, फादरची बदली झाली, पाल्मिराचा नातू तोरिनोला नोकरीला लागला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ती सांगत राहिली. पाल्मिरा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

चर्चभोवतीच्या परांच्या अजून उतरलेल्या नाहीत. मूर्ती गावात परतेपर्यंत केस पेटीतच असतात, आणि आता दर ऑगस्टात दोघी ते विंचरायला बसनं शहरात जातात. मागच्या खेपेला एर्सीलियाला जिना चढवेना, तेव्हा जिनेव्रानंच पेटी खाली आणली.

"पुढच्या वर्षी मूर्ती गावात असेल, आजी."

एर्सीलियानं कंगवा पिशवीत टाकला. परतीच्या बसमध्ये ती पाल्मिराला म्हणाली, "मी नसले तर तू विंचर. भांग मधोमध पाडू नकोस, तिला डावीकडून आवडायचा."

"मीच तुझ्याआधी जाणार आहे. माझ्यावर कामं टाकू नकोस."

एर्सीलिया हसली. मग वळणावर गाव दिसायला लागलं तशी ती खिडकीशी सरकून बसली.