मालकाच्या रकान्यातलं नाव

शुक्रवारी दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि टेबलावरचा कागद माझ्याकडं फिरवला. टर्मवर्कच्या गुणांची यादी होती. सहा विद्यार्थ्यांचे गुण वाढवलेले होते. शिक्षकांच्या हातच्या कागदावर बारा, यादीत एकोणीस. शेजारी दुसरा कागद. त्यावर आमच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची नावं आणि प्रत्येकीसमोर मालकाचं नाव. या फाईलसमोर आक्काचं नाव होतं.

"नोड्री, बघा म्याडम, मशीन खोटं बोलतं काय?" ते म्हणाले. "सोमवारी मी निर्णय घेणार. त्यांना कायम करायची ऑर्डर सहीला आहे. ती मी फाडतो."

आक्का म्हणजे आमची टायपिस्ट. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, सांबऱ्याहून बसनं यायची, चार वर्षं हंगामी. घरात मिळवती तीच. सगळं कॉलेज तिला आक्का म्हणायचं. मी तेव्हा तिशीत होते आणि बेळगावच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. ऐंशीनंतरची ती वर्षं. एक मशीन, आठ टर्मिनल, आणि सगळ्यांसाठी एकच थंड खोली, त्यामुळं उन्हाळ्यात विनाकारण येऊन बसणारे पुष्कळ.

खोलीत परतले तर आक्का पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, मी न्हाय केलं."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं म्हाईत?"

खरं तर मला माहीत नव्हतंच. मला ती तशी वाटत नव्हती, एवढंच. पण वाटण्यावर प्राचार्य ऑर्डर थांबवणार नव्हते.

आणखी एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही. ती यादी ज्या डिरेक्टरीत, म्हणजे फायलींच्या कप्प्यात, होती ती मी सगळ्यांना उघडी ठेवली होती. शिक्षकांना, तिला, मला, सगळ्यांनाच तिथं जावं लागायचं. दर वेळी कोण परवानगी देत बसणार, म्हणून मी एकदाच सगळं मोकळं करून टाकलं होतं. म्हणजे तिथली फाईल कुणीही काढून तिथं दुसरी ठेवू शकत होतं. पण ठेवणाऱ्याचं नाव मालक म्हणून लागलं असतं. इथं आक्काचं लागलं होतं. तिचा पासवर्ड कुणाला कळला असेल का? ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाबी ठावं न्हाय."

शनिवारी दिवसभर मी जाड मॅन्युअल उलटंपालटं केलं. जेवले नाही. हाती काही लागलं नाही. रविवारी निपाणीला आईकडं गेले, कारण जायचं ठरलं होतं.

आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती. जन्मभर तिनं तेच केलं. मी येरझाऱ्या घालत होते.

"बस की गं एका जाग्यावर. काय बिघडलंय?"

मी सांगितलं. कॉम्प्युटर तिला कळायचं कारण नव्हतं, म्हणून थोडक्यात म्हटलं, "वाईट माल एका बाईच्या नावावर सापडलाय."

तिचे हात थांबले नाहीत. "एकदा माल तपासणाऱ्या चेकरनं माझ्या सुपातनं विड्यांच्या पाच जुड्या छाट म्हणून, वाईट म्हणून काढल्या. मी म्हटलं, दादा, सुपात हायत म्हणून माझ्या व्हय? त्यो म्हणाला, मग कुणाच्या? मी एक जुडी सोडली. म्हटलं, विडीचं तोंड बघ. मी डावीकडं मुडपती. ह्या उजवीकडं मुडपल्यात. सुपात कुणीबी टाकंल रं, हात कुठनं आणंल?"

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. पैसं कापलं न्हाईत. च्या ठेव आता."

चहा मी ठेवला, प्यायले नाही. तिथूनच स्टँडवर गेले आणि बेळगावची बस धरली. मला दोन प्रश्न सुचले होते. सुपात दुसऱ्याला टाकता येतं का? आणि आक्काचा हात कसा ओळखायचा?

कॉलेज बंद होतं. वॉचमनकडून किल्ली घेतली. फाईलचा मालक बदलायची एक कमांड असते. ती मी फक्त माझ्या मुख्य अधिकाराच्या खात्यातून वापरायचे, म्हणून ती माझ्यापुरतीच आहे असं मी धरून चालले होते. विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खात्यातून आत शिरले, एक फाईल केली आणि ती आक्काच्या नावावर करून बघितली. मशीननं हूं का चूं केलं नाही. मालकाच्या रकान्यात आक्का. दोन वर्षं हे दार उघडं होतं आणि मी शेजारीच बसत होते.

आता हात. आक्का जुन्या टाइपरायटरवर शिकलेली. त्या मशीनला एकाच्या आकड्याची कळच नसायची, इंग्रजी छोटा एल मारून एक म्हणायचं. टर्मिनलवर एकाची कळ होती, पण तिची बोटं तिकडं जायचीच नाहीत. अठराच्या जागी एल आणि आठ. मशीनला ते शून्य वाटायचं आणि बेरजा बिघडायच्या. यावरून मी तिला किती बोलले असेन! शेवटी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तिच्या फाईलची छपाईसाठी दुसरी प्रत काढताना तो एल बदलून एक करायचा. मूळ फाईल तशीच राहायची.

तिची मूळ फाईल म्हणून कुणीतरी ठेवलेली ती यादी मी उघडली. सगळे एक खरेखुरे एक होते. एकही एल नाही. ज्यानं कुणी ती केली होती, त्यानं माझ्या दुरुस्त प्रतीवरून केली होती.

सोमवारी प्राचार्यांना टर्मिनलसमोर बसवलं. आक्का दारात उभी. मी सरावाच्या खात्यातून एका ओळीचा राजीनामा टाईप केला आणि मालक बदलला. मशीन आलं तेव्हा साहेबांच्या नावाचंही खातं उघडलं होतं, ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं.

"वाचा, साहेब. मशीन खोटं बोलतं काय?"

त्यांनी चष्मा काढून परत घातला. "हे माझं नाव कसं आलं?"

"जसं आक्काचं आलं."

मग एलची गोष्ट दाखवली. आक्काच्या जुन्या वीस फायली एकामागून एक उघडल्या. साहेबांनी प्रत्येकीतला एल बोट ठेवून बघितला. मग म्हणाले, "तुम्हाला एवढं सगळं येतंय म्हटल्यावर हे तुम्हीच केलं नसेल कशावरून?"

"करू शकले असते. डिरेक्टरी मीच उघडी ठेवली होती. तेही लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. मला लेखी समज मिळाली, ती योग्यच होती. यादी रद्द झाली, गुण शिक्षकांच्या कागदांवरून पुन्हा टाईप झाले. गुण कुणी वाढवले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

डिरेक्टरी मी त्याच दुपारी बंद केली. मालक बदलायची कमांड विद्यार्थ्यांना बंद केली. मग खात्री करायला विद्यार्थी होऊन सात ओळींचा स्वतःचा प्रोग्राम लिहिला, आणि फाईल पुन्हा दुसऱ्याच्या नावावर गेली. म्हणजे खोट त्या कमांडमध्ये नव्हती, खाली ऑपरेटिंग सिस्टिममध्येच होती. तिथवर माझा हात पोचत नव्हता. मशीन पुरवणाऱ्या कंपनीला बेंगळूरला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ती सोय आहे, दोष नव्हे. मग मी एक रीत घातली. यादी संपली की मशीनकडून तिची तपासबेरीज, म्हणजे सगळ्या अक्षरांचा मिळून होणारा एक आकडा, काढायची आणि आक्कानं तो आकडा स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करायची. फाईलमधलं एक अक्षर हललं तरी आकडा जुळायचा नाही.

आक्काची ऑर्डर निघाली. तिनं पेढे आणले, मला दोन दिले, आणि कामाला बसली. संध्याकाळी मी तिची नवी फाईल बघितली. सगळे एक बरोबर होते. दुसऱ्या दिवशीही. माझा प्रोग्राम रिकामा फिरत होता.

"आक्का, एल कुठं गेले?"

"सोडलं. बोटं दुखतात, पण सोडलं."

"राहू द्यायचे होते. तुमची ओळख होती ती."

"एकदा माझ्या चुकीमुळं वाचले, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "दर टायमाला चुकीच्याच आधारानं बसू व्हय?"

तिचं बरोबर होतं. तरी नोकरी सोडेपर्यंत रोज सकाळी खोली उघडली की मी आधी मालकाचा रकाना वरून खाली वाचायचे, आणि मग तिच्या वहीतला आकडा.