मंदा आणि नाल्यातले जिवाणूभक्षक

मंदाच्या धाकट्या भावाचा, विनायकचा, फोन आला तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत होते. "ताई... मंदाताई गेली," अकोल्याहून तो एवढंच बोलू शकला. निवडलेली मेथी तशीच ठेवून मी घरी आले. बातमी अनपेक्षित नव्हती, तरी चप्पल काढायचंही सुचलं नाही.

मंदा आणि मी अमरावतीच्या एकाच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आलो. ती बार्शीटाकळीच्या शेतकरी घरातली. वर्गात प्रमाण मराठी, पण प्रयोगशाळेचं दार लोटलं की वऱ्हाडी सुरू. शहराच्या सांडपाण्यात जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना जिवाणूभक्षक म्हणतात. तिला त्यांचा नाद होता. दोरीला बाटली बांधून ती पुलावरून नाल्यात सोडायची. नाकाला रुमाल लावून जाणारं कुणी थांबून विचारायचं, "मॅडम, अंगठी पडली काय?" ती हसून म्हणायची, "हो ना, शोधून राहिली." काचेच्या बशीत जिवाणू सायीसारखे पसरतात आणि विषाणूनं जिथं ते मारले तिथं त्या सायीला भोकं पडतात. कुणाची भोकं टाचणीच्या टोकाएवढी, कुणाची मसुराएवढी, कुणाभोवती धुरकट कडं. एका नाल्यात सापडलेला दुसऱ्यात सापडेलच असं नाही, आणि प्रत्येकाचं भक्ष्य ठरलेलं. "एवढं मोठं गणगोत, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाई, पाह्य," ती बशी उजेडात धरून म्हणायची. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर उद्या हेच कामी येतील, असं तिला मनापासून वाटे.

मग तिचाच पाय चिघळला. मधुमेह जुना होता. भावाकडे, अकोल्याला, दवाखान्यात ठेवलं. एकही औषध लागू पडेना. तिनं डॉक्टरांकडून स्वतःच्या जखमेतला जंतू मागून घेतला आणि माझ्या हाती दिला. मी अमरावतीला येऊन तिनं जमवलेले सगळे विषाणू त्यावर टाकून पाहिले. सकाळी बशा उघडल्या... साय जशीच्या तशी. फोनवर ती म्हणाली, "मंग ताजं पाणी आण. अकोल्याचंच आण, जंतू इथला हाये."

तिची दोरी घेऊन मी अकोल्याच्या पुलावर उभी राहिले. पाणी अमरावतीला आणून तपासलं, तेव्हा त्यातला एक विषाणू लागू पडला. बशीत स्वच्छ, काचेसारखी जागा! मी फोटो पाठवला, विनायकनं तो डॉक्टरांना दाखवला. "हे रुग्णाला द्यायचं तर शुद्ध करावं लागेल, तपासावं लागेल, परवानगी लागेल. आमच्याकडे यातलं काहीच नाही. बाहेर विचारून बघतो," असं ते म्हणाले. बाहेरून उत्तर यायच्या आत त्या स्वच्छ जागेत बारीक दाणे उगवले. विषाणूला पुरून उरलेले जंतू.

मी बसनं अकोल्याला गेले. कसं सांगावं ते वाटभर जुळवत होते. तिनं माझं तोंड पाहिलं.

"उगवले ना?"

मी मान हलवली.

"कावून रडून राहिली? त्याले बी जगायचंच हाये." मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, "मले बी जगायचं होतं वं..."

पाय कापला, पण विष रक्तात भिनलं होतं.

आता प्रयोगशाळेची ती खोली दुसऱ्या विभागाला दिली आहे. फ्रीझर बंद झाला. तिचे विषाणू मी एकेक करून मोरीत ओतले. घ्यायला कुणी नव्हतं. उरली फक्त तिच्या पायातल्या जंतूची बशी. नियमानं ती वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची असते. मंदाची राख पाण्यात गेली. तिच्या देहावर वाढलेलं एवढंच काय ते जिवंत होतं, आणि त्यानंच तिला नेलं होतं. मागच्या आठवड्यात एका सकाळी मी बशी आत ठेवली, झाकण आवळलं आणि स्टूल ओढून शेजारी बसले. बटण दाबायला दुपार झाली.