चेन पडली

त्याला सगळे इंजिन म्हणत. रुग्णालयाच्या धुलाईघरातला बॉयलर सांभाळणं हे त्याचं काम. थंडीत सायकलवरून तोंडाने वाफ सोडत तो फाटकातून आत शिरला की इस्त्रीवाल्या बायका म्हणायच्या, "आलं बाई इंजिन, आता गरम पाणी मिळणार." साठीला टेकलेल्या माणसाला अजून कुणी इंजिन म्हणतंय, याची त्याला नाही म्हटलं तरी ऐट होतीच.

पण या हिवाळ्यात इंजिनाच्या छातीत कळ यायला लागली. उन्हाळाभर सगळं ठीक होतं. थंडी पडली, हवा नाकाला झोंबायला लागली, आणि कामाच्या वाटेवरच्या पुलाचा चढ अर्धा झाला की छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं. उतरून उभं राहिलं की थोड्या वेळाने थांबायचं. रुग्णालयातल्याच एका डॉक्टरांना त्याने गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, "हृदयाचं दुखणं आहे. थंडीत सायकल बंद. कळ आली की ही गोळी जिभेखाली ठेवायची. आणि आधी घरी सांगा." यातलं त्याने काय ऐकलं? काही नाही. गोळ्यांची बाटली नेऊन बॉयलरच्या खोलीत फडक्यांमागे लपवली, कारण घरी बायकोच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही. म्हणजे दुखायचं पुलावर आणि औषध कामावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

त्याचं म्हणणं एकच, सांगितलं की संपलं. त्याच्या थोरल्या भावाने असंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या भल्या माणसाला खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली, आणि घरचे त्याच्याशी लेकराशी बोलावं तसं बोलायला लागले. भाऊ जगला, अजून जगतोय, पण खुर्चीत. इंजिनाला जेवढी मरणाची भीती होती तेवढीच त्या खुर्चीची. जास्त कुठली, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं.

त्यामुळे रोजची सकाळ म्हणजे जिवाला घोर. डोळे उघडायच्या आधी हात छातीवर जायचा. आज गारठा किती? वारा समोरून की मागून? बायको मफलर हातात देताना विचारायची, "अहो, काल पोचल्याचा फोन उशिरा आला तो?"

"चेन पडली होती गं."

"परवाही पडली होती."

"जुनी सायकल आहे, पडणारच."

"मग दुकानात टाका की."

"टाकतो."

पुढे ती काही बोलत नसे, आणि चोराच्या मनात चांदणं, तिच्या गप्प बसण्यानेच त्याची धाकधूक वाढायची. चढावर ओळखीचं कुणी दिसलं तरी हाच खाक्या. पटकन खाली बसायचं, पेडलशी खुडबूड करायची आणि म्हणायचं, चेन पडली. लोक बिचारे पुढे जायचे.

त्या दिवशी दाट धुकं होतं आणि रस्ता दंवाने निसरडा झाला होता. चढाच्या पायथ्यालाच तो उतरला आणि सायकल ढकलत निघाला. कळ तरीही आली. तो थांबला. थांबलं की जाते, हा रोजचा अनुभव, पण आज ती गेली नाही. कठड्याला टेकला, मग खालीच बसला. एवढ्या गारठ्यात त्याला दरदरून घाम फुटला आणि त्याची पाचावर धारण बसली. आधी मनात आला तो बॉयलर. आज वाफ नाही, चादरी तशाच पडणार. मग बायको आली. मग ती खुर्ची, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती खुर्ची त्याला इतकी हवीशी वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

धुक्यातून एक पाववाला सायकलवरून आला आणि थांबला. "काय काका, चेन पडली का?"

"हो," इंजिन म्हणाला. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

पाववाल्याने वाकून पाहिलं. "चेन तर जागेवर आहे की."

इंजिनाने हात छातीवर नेला. मग म्हणाला, "चेन नाही. छाती."

पाववाल्याने आधी रुग्णवाहिका बोलावली. मग इंजिनाच्या मोबाइलवरून त्याच्या घरी फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाइल त्याच्याजवळ धरला. बायकोने पहिल्या रिंगलाच उचलला. पाववाला सांगायला लागतो न लागतो, तोच तिने त्याला मध्येच तोडलं.

"त्यांच्या कोटाला आतून खिसा शिवलाय मी. डाव्या बाजूला. त्यात डबी आहे. एक गोळी जिभेखाली ठेवायला सांगा, गिळू देऊ नका. मी निघालेच."

असा खिसा आपल्या कोटाला आहे, हे इंजिनाला ठाऊकच नव्हतं. पाववाल्याने डबी काढली, गोळी त्याच्या तोंडात दिली.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने बोबड्या आवाजात विचारलं.

"कोण सांगणार? रोज चेन बसवणाऱ्याचे हात काळे होतात हो. तुमचे हातमोजे मी धुते. मग गेले मीच तुमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे."

"मग बोलली का नाहीस?"

पलीकडून पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, धाप ऐकू आली.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "आता बोलू नका. गोळी विरघळू द्या."