बेतानं

कॅनडातल्या किचनरजवळच्या शूटिंग रेंजवर रविवारी एक वसईचं जोडपं येतं. मी त्यांना अंकल-आंटी म्हणतो. नावं विचारायची राहून गेली ती गेलीच. ‘बेतानं’ हा अंकलचा लाडका शब्द. बर्फातलं ड्रायव्हिंग असो की बोंबलाच्या कालवणातलं मीठ, सगळं बेतानं.

आंटींच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंकल त्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा दणका कमी करायच्या मागे लागले होते. गोळी सुटली की बारुदाच्या थोड्या गॅसच्या जोरावर रायफल रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं भरते. गॅस जास्त झाला तर खांद्याला दणका बसतो, कमी पडला तर काडतूस मध्येच अडकतं. अंकल गॅस कमी-जास्त करणारा स्क्रू जरासा फिरवायचे, गोळी झाडायचे, काडतूस कुठे पडलं ते बघायचे आणि पुन्हा फिरवायचे.

परवा रायफल न अडकता चालली. मला वाटलं, झालं काम. पण अंकलनी ती डाव्या खांद्याला लावली. तो त्यांचा आखडलेला खांदा, जॅकेट घालतानाही आंटींना बाही धरावी लागते.

“अंकल, उजवा चांगला आहे की.”

“चांगल्याला काय कळतंय, बाबा?”

गोळी झाडताच त्यांचा चेहरा पिळवटला. पुन्हा स्क्रू, पुन्हा गोळी. चेहरा हलेनासा झाला, काडतूसही अडकेना, तेव्हा कुठे त्यांनी रायफल आंटींना दिली.

मी टार्गेटकडे बघत होतो, अंकल आंटींच्या तोंडाकडे.

आंटींनी सगळ्या गोळ्या झाडल्या, रायफल खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आज मीठ बरोबर पडलंय.”