भाऊजींचा ढग

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गेले त्याला आता पाचवा आठवडा. सकाळी चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले, हाक मारली, आणि कप हातातच राहिला... झोपेतच गेले होते. गास गावात आमच्या वाडीत भेटायला आलेल्या एक बाई विचारू लागल्या, ते नेमकं करायचे काय हो? म्हटलं, ढगांचा अभ्यास. तर म्हणतात, मग पावसाचं सांगायचे का?

ते ढग फार लांबचे, आकाशातल्या वायूचे. त्यांच्यात तारे जन्मतात. त्यातल्या एकाच ढगावर भाऊजींनी उभं आयुष्य काढलं. तिथला वायू आत कोसळतोय, असं त्यांनी लिहिलं आणि पोरांना शिकवलंही. लग्न केलं नाही. मी टोमणा मारायचे, त्या ढगाशीच संसार मांडलाय म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्यांची विद्यार्थिनी मंजिरी माणिकपूरहून आली. तासभर बसली, केळफुलाची भाजी वाखाणली, आणि जाताना काही कागद ओट्यावर ठेवून गेली. भाऊजी दोन दिवस तेच वाचत होते, जेवणात लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी मी केळीचा सुका पाला जाळत होते, तर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, वहिनी, लांबून आपल्याला एवढंच कळतं की धूर आपल्याकडे येतोय. तो जाळाच्या पलीकडचा असेल, तर जाळाकडे ओढला जातोय. अलीकडचा असेल, तर जाळापासून ढकलला जातोय. ढगातला वायू मी पलीकडचा धरला. पोरीने दाखवलंय, अलीकडचा आहे. ताऱ्यांनीच फुंकून बाहेर घालवलेला.

मग तिने छापायला का नाही दिलं, असं मी विचारलं. तर कागद वर्षभरापूर्वीचे होते. सरांना दुखवायचं नाही म्हणून ती थांबली होती. मला तिचीही कीव आली आणि भाऊजींचीही... सगळं आयुष्यच की ते.

संध्याकाळी त्यांनी तिला फोन लावला. मी भाजी निवडत होते, पण कान तिकडेच.

"वाट कसली बघतेस, मी मरायची? पाठव उद्या. आणि माझं चुकलं, हे नाव घालून लिही."

पलीकडे ती रडली असावी, कारण भाऊजी बराच वेळ नुसतं 'बरं, बरं' करत राहिले. मग जेवायला बसले आणि दोनदा भात घेतला.

त्यांच्या खोलीत त्या ढगाचं मोठं चित्र लावलेलं आहे, शाईने स्वतः काढलेलं, बाण सगळे आत वळलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक बाणाशेजारी पेन्सिलीने एक उलटा बाण काढला. मी म्हटलं, शाईने काढा की.

"राहू दे वहिनी. उद्या कुणी मंजिरीचंही चुकलं म्हणेल."

आता पेन्सिल पुसट होत चाललीय. परवा खोली झाडताना चष्मा लावला, त्यांच्याच डब्यातली पेन्सिल घेतली आणि एकेका बाणावरून हळूच फिरवली. शाईचं पेन शेजारीच होतं... घेतलं नाही.